करमत नाही : देशांतर आणि ऋतुसंधी

गेल्या मार्गशीर्षातील एका सकाळी, दवाखान्यातील गर्दी ओसरत आली असताना, घोड नदीच्या काठावरील एका गावचे शेतकरी दांपत्य माझ्यासमोर येऊन बसले आणि स्वतःच्या गुडघ्यांविषयी अथवा रक्तदाबाविषयी चकार शब्द न काढता, टोरांटो येथे शिक्षणासाठी गेलेल्या मुलाकरिता औषध मागू लागले. "डॉक्टरसाहेब, पोराला काहीतरी ताकदीचं लिहून द्या, पार्सलनं धाडतो," असे वडील म्हणाले. मुलगा ऑगस्टअखेर गेलेला; दिवाळीपर्यंत सारे ठीक होते; त्यानंतर सकाळी उठवत नाही, गोड खाण्याची वासना आवरत नाही, अंगाला खाज सुटते, दोन वेळा घोळणा फुटला, आणि रोजच्या फोनच्या अखेरीस एकच वाक्य ठरलेले : "आई, इथं करमत नाही गं." आईच्या मते ही घरची ओढ होती, वडिलांच्या मते शुद्ध अंगचुकारपणा. मी एवढेच विचारले, की तो राहतो त्या खोलीला खिडकी कोणत्या बाजूस आहे? वडिलांनी तिथल्या तिथे फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी चिरंजीव जागेच होते. खोली तळघरात, खिडकी हातभर रुंद आणि रस्त्याच्या पातळीला. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत गोदामात काम, सकाळी उशिरापर्यंत झोप, दुपारी वर्ग. गेल्या आठवड्यात ऊन कधी अंगावर घेतले होते, हे त्याला आठवेना.

परदेशगमनाची आपल्याकडील तयारी मी गेली अनेक वर्षे पाहतो आहे. जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला, बँकेचा हवाला, व्हिसाचा अर्ज, त्यावरील शिक्कामोर्तब, या साऱ्यांचा बंदोबस्त चोख असतो. गोडा मसाला, मेतकूट आणि कुकर यांचेही वजन काट्यावर करून पाहिले जाते. परंतु ज्या देहाची रवानगी होणार, त्या देहाच्या त्वचेची, डोळ्यांची आणि नाकाची काही पूर्वतयारी करावी लागते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आयुर्वेदाने 'सात्म्य' या नावाची एक फार सुज्ञ कल्पना आपल्याला दिली आहे : जे दीर्घ सवयीने शरीराला मानवते ते सात्म्य, आणि ते देशाप्रमाणे भिन्न असते. त्याच शास्त्रात एका ऋतूचा शेवटचा आठवडा व पुढच्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून जो काळ होतो, त्यास ऋतुसंधी म्हटले असून, त्या अवधीत जुना आहारविहार हळूहळू सोडावा व नवा हळूहळू अंगवळणी पाडावा, असे सांगितले आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचेही मोजमाप असे, की उष्ण हवेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. देशांतर करणारा मनुष्य मात्र आज उन्हाळ्यातून निघून उद्या हिवाळ्यात उतरतो. त्याची ऋतुसंधी विमानातच संपलेली असते.

आपला मुलूख कसा आहे, हे प्रथम पाहू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, हवा कोरडी, झाडी विरळ, आकाश बहुतेक महिने निरभ्र. प्राचीन वैद्यांच्या वर्गवारीत हा 'जांगल' देश ठरेल. आपण साडेअठरा-एकोणीस अक्षांशांवर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते, आणि वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. त्याच दिवशी टोरांटोत प्रकाश जेमतेम नऊ तास असतो, लंडनमध्ये आठ तासांहून थोडा कमी आणि स्टॉकहोममध्ये सहा. दौंडच्या फलाटावर दुपारी गाडीची वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश पडतो. चांगल्या दिव्यांच्या खोलीत तो तीनशे ते पाचशे लक्स असतो. मेंदूतील घड्याळ, ज्याच्या तालावर झोप, भूक आणि उत्साह चालतात, ते या प्रकाशानेच रोज मिळवले जाते. ज्याचे घड्याळ आयुष्यभर शिरूरच्या उन्हाने मिळवले, त्याला अकस्मात तळघरात ठेवल्यावर ते मागे पडू लागले, तर त्यात नवल ते काय?

या विकाराला हिवाळी औदासीन्य म्हणता येईल. १९८४ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल व त्यांचे सहकारी यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत स्थायिक झालेले, आणि तेथील हिवाळ्यात आपलाच उत्साह मावळतो हे त्यांनी प्रथम स्वतःवरून ताडले होते. अतिझोप, गोडाची व पिठूळ पदार्थांची हाव, वजनवाढ, कामात मन न लागणे ही त्याची लक्षणे. वसंतात ती आपोआप निवळतात. यावर टॉनिक काय करणार! उठल्यापासून तासाभराच्या आत, आभाळ भरलेले असले तरीही, अर्धा तास बाहेर चालावे. ढगाळ दिवसाचा उघड्यावरील प्रकाशही खोलीतील दिव्यांहून कित्येक पट अधिक असतो. ते अशक्य असेल तेथे १०,००० लक्सचा प्रकाशदीप मिळतो. त्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याने पुष्कळांना गुण येतो, मात्र डोळ्यांचा विकार किंवा उन्मादाचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी तो वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये. आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्नपाणी नकोसे झाले अथवा जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात डोकावला, तर हवेला दोष देत न थांबता त्याच दिवशी तेथील डॉक्टरांकडे जावे.

ड जीवनसत्त्वाची कथा याच प्रकाशाची. ते त्वचेत ज्या किरणांमुळे बनते, ते उत्तरेकडील देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने जमिनीपर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत, आणि आपल्या सावळ्या त्वचेला ते गोऱ्या त्वचेहून अधिक लागतात. कंबर धरणे, पायऱ्या चढताना मांड्या भरून येणे, यांस पुष्कळदा हेच कारण असते. अशा देशांत रोज ४०० ते ६०० एककांची गोळी प्रौढांना सामान्यतः पुरते. येथे एक इशारा : आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळणारी ६०,००० एककांची पुडी कोणी बॅगेत घालून नेतात आणि रोज एक याप्रमाणे घेऊ लागतात. ती पुडी विशिष्ट मुदतीची, बहुधा आठवड्यातून एकदा घेण्याची असते. रोज घेतल्यास रक्तातील चुना वाढून मूत्रपिंडावर संकट ओढवते.

खाज आणि घोळणा यांचे कारण निराळे. गोठलेल्या हवेत बाष्प मुळातच थोडे. तीच हवा हीटरने तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता आपल्या वैशाखातल्या दुपारसारखी होते. आमच्या जांगल देशातील मनुष्याला कोरडेपणा नवा नाही, पण येथे रात्री गारवा येतो आणि खिडक्या उघड्या असतात. तेथे चोवीस तास तीच वाळलेली हवा. त्यात मुले कढत पाण्याचा फवारा अर्धा अर्धा तास अंगावर घेतात आणि त्वचेचे उरलेसुरले स्नेह धुऊन टाकतात. स्नान कोमट व थोडक्यात करावे, अंग ओले आहे तोवरच तेल अथवा व्हॅसलीन चोळावे, नाकपुडीच्या आत रात्री त्याचेच बोट फिरवावे. खोबरेल नेणाऱ्यांनी बाटली रुंद तोंडाची घ्यावी. पंचवीस अंशांखाली ते थिजते, आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत सळई खुपसत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र अधिक होते, म्हणून पाणी तहानेच्या भरवशावर सोडू नये.

या प्रसंगी आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी पदवी संपादन केली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडतात व थंडी बाधते, म्हणून त्यांनी गुजराती धर्तीने पातळ नेसण्यास आरंभ केला होता. परप्रांतीच्या हवेपुढे वेषाचा हट्ट किती धरावा, याचा निर्णय त्या विदुषीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून टाकला होता. परंतु थंडीने त्यांना क्षय झाला, हे जे सर्रास बोलले जाते, ते वैद्यकदृष्ट्या बरोबर नाही. क्षय जंतूंनी होतो, हे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले होते. थंडी, अपुरे अन्न, कोंदट खोली आणि श्रम हे सुप्त जंतूंना मोकळीक देतात, एवढेच. आजही भारतातून गेलेल्या माणसांत सुप्त क्षय उफाळण्याचा धोका स्थलांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत विशेष असतो, म्हणूनच ब्रिटन दीर्घ मुदतीच्या व्हिसापूर्वी क्षयाची तपासणी मागते. ती तपासणी निर्दोष आली तरी पुढे तीन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर व वजनात घट असल्यास ती 'हवा न मानवल्याची' लक्षणे समजू नयेत.

रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत हात बसलेले फिटर व वेल्डर आखाती देशांत जातात, त्यांची कैफियत याच्या अगदी उलट. "उन्हाचं काय सांगता डॉक्टर, आम्ही दौंडचे," असे ते हसून म्हणतात. दौंडच्या उन्हात घाम येतो व उडून जातो, आणि उडताना अंग निववतो. दुबईच्या ऑगस्टमधील दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो, उष्णता आत तशीच राहते. आरंभीचे दोन आठवडे कामाचा भार चढता ठेवावा, लघवीचा रंग फिक्या गवतासारखा राहील इतके पाणी प्यावे, नाहीतर मूतखडा ठेवलेलाच. कामावरचा सोबती अडखळत बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात. त्याला सावलीत घेऊन, अंगावर गार पाणी ओतून, रुग्णवाहिका बोलवावी.

उलट दिशेचे प्रवासीही या मातीने पाहिले आहेत. पेशवाईच्या अखेरच्या काळात घोडनदीस, म्हणजेच शिरूर गावी, इंग्रजांची छावणी होती, आणि तिचे अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ साली येथेच निवर्तले. त्यांचे थडगे गावात आहे. इंग्रज पुढे पंखा ओढणारा, वाळ्याचे पडदे, उंच छतांचे बंगले आणि उन्हाळ्यातील महाबळेश्वर अशी व्यवस्था करूनच येथे नांदला. सरकार चालवणाऱ्यांनीही हवेपुढे मान तुकवली होती!

आता शेवटी लेकीच्या अथवा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आजी-आजोबांविषयी, कारण माझ्या दवाखान्यातील खरी चिंता त्यांचीच आहे. थंडीत रक्तदाब चढतो. येथे बसवलेली मात्रा तेथे अपुरी पडू शकते, म्हणून मापक यंत्र सोबत न्यावे. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर उबदार असतात, आणि चपला-मोजे घालून बर्फावर जाणे म्हणजे खुब्याचे हाड मोडून घेणे होय. बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी कदापि पेटवू नये. आपल्या वाड्यांना फटी होत्या, तेथील घरांना नाहीत, आणि निखाऱ्यातून निघणारा वास नसलेला विषारी वायू झोपेतच घात करतो.

त्या टोरांटोच्या मुलाने फेब्रुवारीत खोली बदलली. नवी दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी, भाडे थोडे जास्त. टॉनिक मी लिहून दिले नव्हते. आपल्या घरातून कोणी जाणार असेल, तर तिकिटाची तारीख ठरताच, निदान सहा आठवडे आधी, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुने रिपोर्ट घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन यावे.