औषध न मानवणे व रक्ताची कसोटी

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या पुसेगावात एक वाक्य वरचेवर कानी पडते : "याला इंजेक्शन मानवत नाही." कोणते इंजेक्शन, असे विचारावे तर उत्तर बहुधा येत नाही. मग पालक विचारितात, रक्त तपासून याचा उलगडा होणार नाही काय ? त्यास्तव हा विषय आम्ही घेतला आहे.

एखादे औषध काहींच्या शरीरास शत्रू वाटते व त्याविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्य तयार होते. पुन्हा तेच औषध पोटात गेले की अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडून प्राणावरही बेतते. या विपरीत प्रकृतीस 'ॲलर्जी' हे नाव व्हिएन्नाचे बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दिले. ते प्रतिद्रव्य मात्र हाती लागले १९६६ च्या सुमारास. इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत, व स्वीडनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे, ते ओळखिले. त्यास आयजीई म्हणतात.

प्रयोगशाळेत औषधाचा अंश एका पृष्ठास चिकटवून त्यावर रोग्याचे रक्तद्रव सोडितात. त्या औषधाविरुद्धचे आयजीई असल्यास ते तेथे धरून राहते. बाकीचे धुऊन टाकिल्यावर त्याची मोजदाद होते. रोग्यास औषधाचा कणही द्यावा लागत नाही, हा या रीतीचा मोठा गुण.

पण अशी कसोटी पेनिसिलीन, ॲमॉक्सिसिलीन अशा थोड्याच औषधांपुरती आहे. वेदनाशामक गोळ्यांची बाधा बहुधा आयजीईच्या वाटेने होतच नाही. तेथे ती मुकी. शिवाय 'आहे' या उत्तरास काही वजन असले, तरी 'नाही' यावर विसंबता येत नाही. वर्षे लोटली म्हणजे प्रतिद्रव्य ओसरते.

दुसऱ्या एका कसोटीत ट्रिप्टेज नावाचे द्रव्य मोजितात. जोराच्या बाधेत ते रक्तात उतरते. अर्थात् आधी ॲड्रिनॅलिन टोचून जीव वाचवावयाचा. मग एक-दोन तासांत, फार तर चार तासांच्या आत, रक्त घ्यावयाचे, व २४ तासांनंतर पुन्हा घेऊन दोहोंची तुलना करावयाची. बाधा खरी होती काय, एवढे यावरून कळते. कोणत्या औषधाने, ते नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी ? पुण्याजवळ पिंपरी येथे १९५५ साली सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. संधिवातज्वराने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलास ते दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे टोचावे लागते. त्याच्या माथी 'पेनिसिलीन मानवत नाही' असा खोटा शिक्का बसला तर त्या मुलाने काय करावे ? परदेशांतील पाहण्यांत असा शिक्का असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांस, तपासणीअंती, ते मानवते असे दिसून आले. तो शिक्का पुसण्याचे काम मात्र डॉक्टरांचे. त्वचेवरील परीक्षा व अल्प मात्रा देऊन पाहणे, हे रुग्णालयातच व्हावयास हवे. घरी प्रयोग केल्याने जीव गमवावा लागेल.

पालकांनी करावयाचे ते हे : औषधाचे नाव, तारीख, किती वेळाने काय झाले, हे त्याच दिवशी कागदावर उतरवावे. वेष्टन असल्यास टाचून ठेवावे, व पुढे कोणत्याही दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्यावा.