गळ, पेन्सिल आणि महसीर

रविवारी आबिड्सची बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यांच्यासमोरील फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथेच एक फाटके इंग्रजी पुस्तक चाळताना ‘फ्लाय फिशिंग’शी माझा प्रथम परिचय झाला. पुष्कळ वाचकांना हा प्रकार अपरिचित असेल, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो.

यात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावीत नाहीत. कोंबड्याचे पीस आणि रेशमी धागा गळाभोवती गुंडाळून किड्यासारखी आकृती करतात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर जवळच पडेल. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. लवचीक काठीच्या झोक्याने दोरीच दूर जाते आणि तिच्यामागून हा खोटा किडा. आता पाण्यावर त्या वेळी कोणते कीटक उडत आहेत, त्यांचे पंख कसे, रंग कोणता, हे टिपून ठेवल्याखेरीज नक्कल करणार कशाची? वही-पेन्सिल या छंदात ओघानेच येते.

मला स्वतःला दोरी नीट टाकता येत नाही. (काठावरच्या बाभळीने माझे गळ माशांपेक्षा जास्त पकडले आहेत.) चित्रे मात्र मी काढतो. मासा मेल्यावर त्याचे रंग थोड्याच वेळात उडतात, म्हणून चित्र काढायचे ते काठावरच, आणि झटपट. गंडीपेठ तलावाकाठी एका कोळ्याच्या टोपलीतला मासा मी असाच रंगवला. चित्र सुरेख वठले. प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी विचारले, “पार्श्वरेषेवर खवले किती होते? मिशा होत्या का?” मला एकाचेही उत्तर देता आले नाही. खवले मी शोभेसाठी काढले होते!

ही चूक वाटते तितकी क्षुल्लक नाही. कावेरीतील कुबडाचा महसीर घ्या. पन्नास किलोंहून जड होणारा हा मासा मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या ‘द रॉड इन इंडिया’ या १८७३ च्या पुस्तकाने जगातील गळकऱ्यांना माहीत झाला. पुढे लोक त्याच्यासाठी समुद्रापलीकडून आले, त्याच्याशेजारी बसून छायाचित्रे काढली. तरी त्याला निश्चित शास्त्रीय नाव मात्र नव्हते! २००७ साली केरळातील पांबार नदीतून ‘टॉर रेमादेवी’ या माशाचे वर्णन झाले होते. तोच हा, असे २०१८ मध्ये सिद्ध झाले. तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोहोचला होता.

त्याच्या ऱ्हासाची जी कारणे सांगतात, त्यांतील एक आपल्या मराठी वाचकांना अवघडवणारे आहे. कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महसीराला १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिले, त्यात ‘खुद्री’ हा बोलीतला शब्दच ठेवला. या जातीची पैदास पुढे लोणावळ्याच्या केंद्रात झाली. तेथील पिल्ले सद्हेतूने कावेरीत सोडण्यात आली आणि ती तेथे फोफावली. पाहुणा घरमालक झाला. आमच्या कन्नड विभागातील मित्रांनी याबद्दल रुसावे असा त्यांना पूर्ण अधिकार आहे!

हा बदल कळला कशावरून? गलिबोरे येथील गळकऱ्यांच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात पकडून पुन्हा पाण्यात सोडलेल्या माशांच्या नोंदी होत्या, त्यांवरून. शिक्षितांनी छंद म्हणून लिहिलेल्या त्या वह्या अभ्यासकांच्या कामी आल्या.

आता मी आधी तारीख, जागा आणि पाणी गढूळ की नितळ हे लिहितो. मग पार्श्वरेषेवरचे खवले, पाठीच्या पराचे काटे, मिशांच्या जोड्या मोजतो. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून, शक्यतो पाण्यातच धरतो. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. एवढे झाल्यावर वेळ उरला तर रंग. चित्रे पूर्वीइतकी देखणी होत नाहीत. गंडीपेठचे ते जुने चित्र अजून भिंतीवर आहे. त्याखाली नाव लिहायची जागा कोरीच आहे.