पिशवीतला प्रवास : घरपोच मासे मागवण्यापूर्वी

शाळेच्या प्रयोगशाळेत एखादी मत्स्यपेटी असावी असे पुष्कळांना वाटते. पूर्वी त्यासाठी मोठ्या शहरातले दुकान गाठावे लागे. मासा डोळ्यांनी पाहायचा, पसंत करायचा आणि पिशवी हातात धरून एस.टी.ने घरी यायचे. आता मोबाइलवर चित्र पाहून मासे मागवता येतात आणि दोन दिवसांनी थर्मोकोलची पेटी दारात येते. सोय मोठी आहे. पण पुस्तक किंवा चप्पल मागवणे वेगळे आणि श्वास घेणारा जीव मागवणे वेगळे. मग शेकडो किलोमीटर दूर असलेला विक्रेता विश्वासू आहे की नाही हे ओळखायचे कसे? त्यासाठी आधी त्या पिशवीत काय घडते ते समजून घेऊ.

असे समजा, की पिशवीत १ लिटर पाणी आहे आणि त्यात प्रत्येकी २ ग्रॅम वजनाचे १० मासे आहेत. २५ अंश सेल्सिअस तपमानाला हवेच्या संपर्कातील १ लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. लहान मासा दर ग्रॅम वजनामागे तासाला ढोबळमानाने ०.३ मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो असे धरले, तर १० मासे मिळून तासाला ६ मिलिग्रॅम वापरतील. म्हणजे पाण्यातला साठा दीड तासही पुरणार नाही! म्हणून जाणकार विक्रेता पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेल्या भागात शुद्ध प्राणवायू भरतो. १ लिटर प्राणवायूचे वजन सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. पाण्यावर असा २ लिटर वायू असेल, तर २६०० मिलिग्रॅमचा साठा झाला. त्याला ६ ने भागून पाहा. कागदावर तरी हा साठा चारशेहून अधिक तास पुरतो.

मग नीट बांधलेल्या पिशवीतही मासे का मरतात? कारण संकट प्राणवायूच्या तुटवड्याचे नसून साचणाऱ्या घाणीचे असते. श्वसनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया. पिशवी बंद असल्याने दोन्ही आतच राहतात.

इथे रसायनशास्त्राची एक गंमत आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभाररहित अमोनिया. तो कल्ल्यांतून सहज आत शिरतो व अतिशय विषारी असतो. दुसरे रूप अमोनियम आयनाचे. ते त्यामानाने पुष्कळच निरुपद्रवी. कोणते रूप किती असेल हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर ठरते. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के. सामू एकाने वाढला आणि विष जवळजवळ दसपट झाले! पिशवीत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होत जाते, सामू उतरतो, आणि अमोनिया साचूनही मासा तगून राहतो. एक घाण दुसरीचे विष उतरवते म्हणा ना. अर्थात कार्बन डायऑक्साइडही फार साचला की मासा गुंगतोच.

हे तुम्हाला प्रयोगशाळेत पाहता येईल. चंचुपात्रात नळाचे पाणी घेऊन त्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या दर्शकाचे काही थेंब टाका. पाणी निळसर दिसेल. आता नळीने त्यात श्वास फुंका. थोड्या वेळात रंग हिरवट आणि मग पिवळा होईल. (फुंकायचे, ओढायचे नाही!) हीच पिशवी बंद असतानाची स्थिती. नंतर त्याच पाण्यात मत्स्यपेटीच्या पंपाने हवेचे बुडबुडे सोडा. कार्बन डायऑक्साइड निघून जाईल आणि निळेपण परत येईल. पिशवी उघडल्यावर नेमके हेच होते: सामू चढतो आणि दिवसभर साचलेला अमोनिया विषारी रूप घेऊ लागतो.

आता विक्रेत्याकडे वळू. त्याला पहिला प्रश्न विचारा: पाठवण्यापूर्वी मासे किती वेळ उपाशी ठेवता? उपाशी हा शब्द ऐकून दचकू नका. पोट रिकामे असेल तर प्रवासात विष्ठा आणि अमोनिया कमी होतो. साधारण एक ते दोन दिवस, असे उत्तर आले तर त्या माणसाला आपले काम कळते असे समजावे. ‘आम्ही भरपूर खाऊ घालूनच पाठवतो’ म्हणणारा प्रेमळ असेल, पण जाणकार नव्हे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. तुमच्या टाक्यांतील पाण्याचा सामू किती? पाणी सुफेन आहे की दुष्फेन? आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. अगदी सुफेन पाण्यात वाढलेला मासा त्यात एकदम सोडला तर त्याला फार सोसावे लागते. चांगल्या विक्रेत्याकडे हे आकडे तयार असतात.

मासे किती दिवसांपासून तुमच्याकडे आहेत, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. कालच घाऊक बाजारातून आणलेला मासा आज पुन्हा पिशवीत भरला, तर एका प्रवासाचा शीण उतरण्याआधीच दुसरा सुरू होतो. शिवाय रोग लगेच दिसत नाहीत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा इक्थिओफ्थिरियस हा परजीवी आधी त्वचेखाली दडतो आणि काही दिवसांनी ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागतो. दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मासे विकणारा विक्रेता चार पैसे जास्त घेत असेल, तर ते योग्यच होय.

याच कारणाने इंटरनेटवरील ग्राहकांचे अभिप्राय जपून वाचावेत. ‘पेटी आली, सर्व मासे जिवंत, पाच तारे!’ हा अभिप्राय पेटी उघडल्यानंतर तासाभरात लिहिलेला असतो. तो खोटा नसतो. पण त्यावरून फक्त बांधणी चांगली होती एवढेच कळते. मासा निरोगी होता का, याचे उत्तर पंधरा दिवसांनी मिळते, आणि तोवर अभिप्राय लिहून झालेला असतो. समजा, १०० ग्राहकांपैकी ९० जणांचे मासे जिवंत पोचले आणि त्यांतल्या ४० जणांचे पुढच्या पंधरवड्यात मेले. पहिल्या दिवशीच्या अभिप्रायांत यश ९० टक्के दिसेल, खरे यश ५० टक्केच. म्हणून महिन्याभराने लिहिलेले अभिप्राय शोधा, मग ते चारच का असेनात.

चित्रांचेही तसेच. चित्र कुणाचेही उचलून लावता येते. एका कागदावर तुमचे नाव लिहून तो टाकीला टेकवून माशांचे चलच्चित्र पाठवायला सांगा, शक्यतो मासे अन्न खात असताना. खाणारा, पर पसरून पोहणारा मासा बहुधा ठीक असतो. कोपऱ्यात पर मिटून बसलेला किंवा पृष्ठभागाशी धापा टाकणारा मासा नको.

शास्त्रीय नावही विचारा. ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून बोटाएवढा सकरमाउथ मासा विकतात. टेरिगोप्लिक्थिस वंशाचे हे दक्षिण अमेरिकी मासे वाढून ४० सेंटिमीटरहून लांब होतात. मग टाकी पुरत नाही, लोक त्यांना नदीत वा तलावात सोडून देतात, आणि भारतातील अनेक जलाशयांत ते आज देशी माशांना उपद्रव देत आहेत. तसेच पॅराम्बॅसिस रंगा हा आपल्याकडचाच काचेसारखा पारदर्शक मासा. त्याच्या अंगात सुईने झगमगीत रंग टोचून ‘रंगीत काचमासा’ म्हणून विकण्याची पद्धत आहे. रंग काही महिन्यांत विरतो, जखमेतून रोग मात्र शिरू शकतो. केरळ-कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडणारा ‘मिस केरळ’, म्हणजे सह्याद्रिया डेनिसोनी, आज संकटग्रस्त मानला जातो. त्याची पैदास टाकीत करता येते, तेव्हा मासा पैदाशीचा की ओढ्यातून पकडलेला, हे विचारायलाच हवे.

मासा मेलेला आला तर भरपाईची अट काय, हे आधी लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी न उघडलेल्या पिशवीचे छायाचित्र ठरावीक वेळेत पाठवावे लागते. तापलेल्या मे महिन्यात ‘आता पाठवत नाही, पाऊस पडू द्या’ म्हणणारा विक्रेता आपली विक्री लांबवतो, पण तोच खरा. आणि जो उलट तुम्हालाच विचारतो, टाकी किती लिटरची, पाणी भरून किती दिवस झाले, त्याला तर सोडूच नका. अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत रुजायला काही आठवडे लागतात, हे त्याला माहीत असते. गप्पीच हवे असतील तर मात्र एवढी यातायात कशाला? अनेक गावांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग तेच मासे सोडतो. तिथे चौकशी करा.

पेटी आली की खोलीतला दिवा मंद करा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तपमान जुळेल. प्रवास दिवसभराचा झाला असेल तर पिशवी उघडल्यावर तासन्‌तास थेंब थेंब पाणी मिसळत बसू नका. ब्रोमोथायमॉलचा प्रयोग आठवा. मासे जाळीने अलगद उचलून टाकीत सोडा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न देऊ नका. पिशवीतले पाणी टाकीत ओतायचे नाही. ते कुंडीतल्या तुळशीला घाला. त्यातला अमोनिया तिला खतासारखा उपयोगी पडेल.