रंधा पाहायचा तर कळसुबाईचा पाऊस बघून निघा

भंडारदऱ्याचं धरण निम्मंच भरलं होतं आणि सांडवा बंद होता. अशा वेळी रंधा धबधब्याला काय असणार, म्हणून आमच्यातले दोघे थेट रतनवाडी गाठायच्या बेतात होते. तरी गाडी थांबवली. रेलिंगपाशी पोचायच्या आधीच तुषार अंगावर आले. तांबूस, गढूळ प्रवरा सुमारे 170 फूट खोल घळीत कोसळत होती आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

कणसं भाजणाऱ्या मावशींना विचारलं, धरणातून सोडलंय का?

"धरनाचं नाय दादा, हे कळसुबाईचं पानी हाय."

रंध्याची सगळी गोम यातच आहे. कळसुबाईच्या रांगेतलं पाणी घेऊन कृष्णवंती येते, वाकीचा तलाव भरून सांडव्यावरून पुढे निघते आणि धरणाच्या खालच्या अंगाला प्रवरेला मिळते. त्यामुळे धरणाचे दरवाजे बंद असले तरी जोराच्या पावसात रंधा उभा राहतो. भातखाचरांतून आलेलं हे पाणी गढूळ असतं. धरणातून आलेलं पाणी त्यापेक्षा निवळ दिसतं. एकदा हा फरक बघितला की पुढच्या वेळी लांबूनच ओळखाल.

इतिहास थोडक्यात: धरणाचं उद्घाटन 1926 साली गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी केलं, म्हणून विल्सन डॅम. धबधब्याचं रूप पालटलं ते पुढे विजेमुळे. धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॉटचं वीजघर आहे, पण तिथलं पाणी रंध्याच्या वरच नदीत येतं. 34 मेगावॉटचं दुसरं वीजघर कोदणीला, धबधब्याच्या खाली. रंध्याच्या वर अडवलेलं पाणी कड्याला वळसा घालून तिथे नेलं जातं. ज्या उंचीवरून प्रवरा पडायची, तीच उंची आता टर्बाइन वापरतं. म्हणून उन्हाळी आवर्तन सुरू असतानाही अनेकदा इथे उघडा काळा कातळ आणि त्यावरून ओघळणाऱ्या बारीक धारा एवढंच दिसतं.

वीज झाली म्हणून पाणी संपत नाही. ते कोदणीखाली पुन्हा नदीत येतं, निळवंडे धरणात साठतं आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी उसाला जातं. त्या पट्ट्यातल्या फडांवर आपल्या पाथर्डी तालुक्यातले ऊसतोडीचे कोयते असतात, त्यामुळे या पाण्याचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे: आवर्तन चालू असताना सुटीच्या दिवशी काही तास त्यातला ठरावीक वाटा कड्यावरून सोडावा. शेतीचं पाणी तेवढंच राहील, कमी होईल ती तेवढ्या तासांची वीज.

पाथर्डीहून करंजी घाट, नगर, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. रंधा धरणाजवळच्या शेंडी गावाच्या अलीकडे दहाएक किलोमीटरवर, रस्त्यालगतच आहे. एका दिवसात उरकायचा हट्ट नको, शेंडीत मुक्काम करा. निघण्याआधी तीन गोष्टी बघा: घाटघर-रतनवाडीचा पाऊस, वाकीचा सांडवा आणि भंडारदऱ्याचा विसर्ग. स्थानिक बातम्यांत हे आकडे पावसाळ्यात रोज येतात. धरण भरून विसर्ग वाढला की रंध्याचं खरं रौद्र रूप दिसतं, पण तेव्हा रेलिंगच्या अलीकडेच थांबा. धबधब्याच्या वरच्या पात्रात तर कधीच उतरू नका. वर कळसुबाईला कोसळलेला पाऊस तुम्हाला खाली दिसत नाही, आणि शेवाळलेल्या कातळावर चांगल्यातला चांगला बूटही टिकत नाही.

रात्री शिड्यांना रांग लावून कळसुबाई चढणारे काही 'खरे ट्रेकर' रंध्याला सहलीची जागा म्हणून टाळतात. मला ते पटत नाही. नदी वाचायलाही डोळे लागतात. आणि त्या कातळावर फोडलेल्या बाटल्यांच्या काचा सहलीवाल्यांइतक्याच ट्रेकरांच्याही असतात, हे मी बघितलंय.

पंधरा ऑगस्टची सुटी आणि पावसाळी रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी सकाळी लवकर या, घोरपडादेवीचं दर्शन घ्या, तासभर निवांत बसा आणि मग रतनवाडीला अमृतेश्वराकडे निघा. प्रवरा तिथूनच रतनगडाच्या कुशीतून येते.