ओळख परेडला वकील मिळतोच?

प्रश्न : भाचा न्यू जर्सीत शिकतो. अमेरिकेत पोलिसांनी ओळख परेडला उभं केलं, तर वकील सोबत असतोच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नेहमीच नाही. हा हक्क १९६७च्या ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध वेड’ निकालातून आला. बँक दरोड्यातल्या आरोपीला, वकील नेमलेला असूनही, त्या वकिलाला न कळवता रांगेत उभं केलं होतं. वर साक्षीदारांनी परेडआधीच त्याला पाहिलं होतं!

मात्र १९७२च्या ‘कर्बी’ निकालानुसार हा घटनात्मक हक्क औपचारिक न्यायालयीन कारवाई सुरू झाल्यावरच लागू होतो. नुसत्या अटकेनंतर नाही. साक्षीदाराला फोटो दाखवताना तर तो नाहीच.

वकील परेडमधल्या त्रुटी टिपून ठेवतो, त्या पुढे कोर्टात उपयोगी पडतात.

घाबरू नका. भाच्याला सांगा : वकील स्पष्टपणे मागावा, घटनेबद्दल बोलू नये, परेडला झटापटीने विरोध करू नये. अटक झालीच, तर भारतीय वकिलातीला कळवा, असंही तो सांगू शकतो.