फीबीला साहाय्य करणारी मंडळी
शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १६ : १, २

किंख्रिया हे करिंथ नगराचे पूर्वेकडील बंदर होय. तेथील मंडळीची सेविका फीबी हिच्याविषयी प्रेषित पौलाने रोमकरांस दोनच वचने लिहिली आहेत. त्यांवर उपदेश करिताना आपण बहुधा तिच्या सेवेची स्तुती करून थांबतो. परंतु पाठ नीट वाचिला असता दिसून येते की, यातील आज्ञा फीबीला नसून मंडळीला आहे. तिने पुष्कळांस हात दिला होता. आता तिला जे लागेल ते पुरविणे हे रोमकरांचे काम, असा पौलाचा आग्रह आहे.

आपल्या मंडळ्यांना हे नवे नाही. १८९४ साली मिरजेस डॉ. वानलेस यांचे इस्पितळ उघडले, व पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली तसेच केले. इतर घरांतील लोक रोग्याची सेवा हलकी मानून मुलींस पाठवीनात, तेव्हा आपल्याच गरीब घरांतील मुली पुढे आल्या. तरीही १९४६ साली भोर समितीस साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिकाच आढळल्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक!

आज विद्यालये पुष्कळ आहेत, पण खेड्यातील मुलीची वाट अजून बिकटच आहे. दोन वर्षांचा ए.एन.एम. व तीन वर्षांचा जी.एन.एम. हे अभ्यासक्रम बारावीनंतरचे असून त्यांस कला शाखाही चालते. चार वर्षांच्या पदवीस मात्र भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. ही गोष्ट आईबापांस दहावीनंतर कोणी सांगत नाही, आणि मुलगी चुकीची शाखा घेऊन बसते. दुसरा अडसर इंग्रजीचा. मराठी शाळेतील हुशार मुलगीही तेथे अडखळते. मंडळीत कोणी शिक्षक असेल तर त्याने संध्याकाळी एक तास द्यावा. माझ्या मते एखाद्या वर्गणीपेक्षा या तासाची किंमत अधिक आहे.

याहून मोठा धोका फसवणुकीचा. काही संस्था चकचकीत पाट्या लावून थोड्या महिन्यांत ‘नर्स’ करून देतो म्हणतात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नसेल तर तो दाखला कागदच. बापाने शेत गहाण टाकून भरलेली फी बुडते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्थेस मान्यता आहे किंवा नाही हे परिषदेकडेच विचारावे. संस्थेच्या लिपिकाचे तोंडी उत्तर पुरेसे नाही.

रात्रपाळीविषयी आयांना भय वाटते, ते खोटे नव्हे. त्यांना उपदेश करण्यापेक्षा पाळकाने स्वतः जाऊन वसतिगृह पाहून यावे.

ही सर्व चौकशी सुवार्तिकांनी बारावीच्या निकालाआधीच करावी. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची महाराष्ट्रात इतर मागासवर्गात गणना होते. परंतु त्या दाखल्यास तहसील कचेरीत पुष्कळ दिवस लागतात, आणि अर्ज भरण्याची मुदत थोडी असते.