मुलांना हरायलाच न्यायचं का? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलकडे बघून पडलेले प्रश्न



या वर्षीच्या केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धेत कबड्डीला आमच्या शाळेची चिठ्ठी निघाली ती नेमकी केंद्रातल्या सगळ्यात मोठ्या शाळेसमोर. आमचा पहिली ते सातवीचा मिळून पट एक्केचाळीस. सात खेळाडू पुरे करायला पाचवीतला एक मुलगा घ्यावा लागला. समोरच्यांकडे नुसत्या सातवीच्याच दोन तुकड्या. निकाल ५२–६. लोण किती बसले ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. परत येताना टेम्पोत एक पालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरांना हरायलाच नेता का?"

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग हा प्रश्न कुठे सगळ्यात जास्त चर्चिला गेलाय ते शोधायला लागले आणि पोचले अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलपर्यंत. बलाढ्य विद्यापीठानं छोट्या कॉलेजशी खेळावं का, त्यानं खेळाचं नुकसान होतं का, यावर तिथे दर सप्टेंबरला नव्यानं भांडणं होतात. आपल्याला त्या खेळाशी काही घेणंदेणं नसलं तरी त्यांचे निकाल आणि पैशांचे आकडे उघड आहेत, म्हणून अभ्यासाला सोयीचे पडतात.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड, आणि समोरच्याला अंगानं अडवणं-पाडणं हा खेळाचाच भाग. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण, वर किक मारून आणखी १. कॉलेजचा खेळ म्हणून मैदान लहान असेल असं समजू नका. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात. (तिकडे बोलताना विद्यापीठालाही 'स्कूल'च म्हणतात. 'छोटी स्कूल' असं ऐकलं की मला आधी आपली वाडीवरची शाळाच आठवायची.)

या खेळाच्या वरच्या पातळीचे दोन भाग आहेत. एफबीएस म्हणजे मोठ्या कार्यक्रमांचा, त्यात सव्वाशेहून जास्त विद्यापीठं. त्याखाली एफसीएस. बरीच वर्षं नियम असा होता की एफबीएस संघाला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येई, एफसीएस संघाला ६३ इतकीच. सहावी-सातवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण घ्या. ६३ म्हणजे ८५ च्या साधारण ७४ टक्के. दुखापत झाली, दमछाक झाली, तर बाकावरून उठवायला कोण आहे, हे त्या २६ टक्क्यांत दडलेलं असतं. खालच्या संघाला शेवटचा क्वार्टर का जड जातो ते यावरून कळतं.

मग असे दोन संघ एकमेकांसमोर येतातच कसे? चिठ्ठी टाकून नाही. व्यवहार ठरवून. मोठ्या विद्यापीठाला आपल्या घरच्या मैदानावर जास्तीत जास्त सामने हवे असतात. तिकिटं खपतात, गावातल्या लॉज-हॉटेलांचा धंदा होतो. बरोबरीच्या संघाला बोलावलं तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे खेळायला जावं लागतं. छोट्या कॉलेजला एकरकमी पैसे दिले की परतफेडीची भेट नाही. शिवाय हंगामाअखेरच्या 'बोल' सामन्यांना पात्र व्हायला सहसा ६ विजय लागतात, आणि वर्षाला एक एफसीएस संघावरचा विजय त्यात मोजता येतो. म्हणजे एक विजय जवळजवळ विकतच घेतला म्हणा ना. छोट्या कॉलेजला त्या रकमेत अख्ख्या क्रीडा विभागाचा बराच खर्च भागवता येतो, प्रवास, साहित्य, इतर खेळांचे संघ, सगळं. अशा सामन्याला तिकडे 'गॅरंटी गेम' म्हणतात. गॅरंटी पैशांची. बाकी कशाची नाही.

या व्यवहाराचं टोक १९१६ सालीच दिसलं होतं. ७ ऑक्टोबरला अटलांटात जॉर्जिया टेकनं कंबरलँड कॉलेजला २२२–० असं हरवलं. वाचताना मला छपाईची चूक वाटली होती. मध्यंतरालाच १२६–० होतं. गंमत म्हणजे कंबरलँडनं त्या वर्षी फुटबॉल संघ बंद केला होता. पण करार आधीच झालेला. खेळायला आला नाहीत तर ३,००० डॉलर दंड, आलात तर ५०० डॉलर मिळतील. म्हणून हाताला लागतील ती पोरं गोळा करून नेली. टेकचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन. त्याआधी बेसबॉलमध्ये कंबरलँडकडून झालेल्या मोठ्या पराभवाचा राग त्यांच्या मनात होता, असं सांगतात. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारी ट्रॉफी याच हाइझमन यांच्या नावाची आहे. या एका गोष्टीवर मी बराच वेळ अडकून राहिले होते.

तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात. बरं, २०१२ चं घ्या. सव्हाना स्टेट हे जॉर्जिया राज्यातलं विद्यापीठ. कृष्णवर्णीयांना इतरत्र प्रवेश नसण्याच्या काळात त्यांच्यासाठी ज्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक. पैशांची कायमची ओढाताण. त्यांनी हंगामाचे पहिले दोन सामने दोन बलाढ्य संघांशी घेतले. १ सप्टेंबरला ओक्लाहोमा स्टेटकडून ८४–०. पुढच्याच शनिवारी फ्लोरिडा स्टेटकडून ५५–०, तोही सामना तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाऊस-विजांमुळे थांबवला म्हणून तेवढ्यावर राहिला. दोन्ही मिळून कॉलेजला ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. त्या हंगामात त्यांनी ११ पैकी एकच सामना जिंकला. पुढच्या वर्षी मायामीविरुद्ध ७७–७, आणि त्यात शेवटचा क्वार्टर संमतीनं छोटा करावा लागला.

इथे आपण शिक्षक म्हणून थांबून एक प्रश्न विचारायला हवा. पैसे मिळाले कॉलेजला, पण मार कोणी खाल्ला? शनिवारी संध्याकाळी अंग ठेचून बसमध्ये बसणारी मुलं अठरा ते बावीस वर्षांची. त्यांना त्या वेळी शिष्यवृत्तीपलीकडे विद्यापीठाकडून मोबदला घेता येत नव्हता. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला परवानगी मिळाली ती २०२५ च्या जुलैपासून. करारावर सही करणारा वेगळा आणि मैदानात आडवा पडणारा वेगळा. मला खटकतं ते हे. गुणांचा फरक नंतरचा.

दुखापतीबद्दल मात्र घाईनं बोलू नये. २०१५ मध्ये सदर्न विद्यापीठाचा एक खेळाडू जॉर्जिया विद्यापीठाविरुद्धच्या अशाच सामन्यात मणक्याला इजा होऊन जायबंदी झाला. त्यानंतर 'हे सामने बंद करा' अशी हाक उठली. पण त्याची टक्कर झाली होती समोरच्या संघाच्या किकरशी, कुणा राक्षसी ताकदीच्या खेळाडूशी नव्हे. असा अपघात बरोबरीच्या सामन्यातही होऊ शकतो. तेव्हा एका घटनेवरून सिद्धांत मांडला तर आपण वर्गात मुलांना जे करू नका म्हणतो तेच करू.

आता दुसरी बाजू. ती वाचताना मला माझं मत अर्धं बदलावं लागलं. १ सप्टेंबर २००७. ॲपलाशियन स्टेट हा एफसीएस संघ ४ लाख डॉलर घेऊन मिशिगनच्या त्या लाखभराच्या मैदानात गेला. मिशिगन तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर. शेवटच्या क्षणी मिशिगनची किक अडवली गेली आणि निकाल लागला ३४–३२, छोट्यांच्या बाजूनं. क्रमवारी ठरवणाऱ्या एपी वृत्तसंस्थेला नियम बदलावा लागला, एफसीएस संघांनाही मतं देता येतील असा. २०१७ मध्ये हॉवर्ड विद्यापीठ ४५ गुणांनी हरेल असा जाणकारांचा अंदाज होता. त्यांनी नेवाडा-लास वेगसला ४३–४० असं हरवलं. १० सप्टेंबर २०२२ या एकाच दिवशी पैसे घेऊन आलेल्या तीन संघांनी यजमानांना लोळवलं. त्यातल्या जॉर्जिया सदर्नकडून ४५–४२ असा पराभव झाल्यावर नेब्रास्कानं दुसऱ्या दिवशी आपल्या प्रशिक्षकाला काढून टाकलं. (हे शेवटचे तिन्ही पाहुणे एफबीएसमधलेच, पण धाकट्या पातीचे.)

असे सामने बंद केले असते तर हे दिवस उगवलेच नसते. म्हणून 'विषम लढती खेळ बिघडवतात' हे सरसकट विधान मला पटत नाही. पण ॲपलाशियन स्टेट आणि सव्हाना स्टेट यांना एका मापात मोजणंही चूक आहे. ॲपलाशियन स्टेट त्या दिवशी दोन वर्षांचा सलग एफसीएस विजेता होता. त्याचा संघ बांधलेला होता, तयारीचा होता. तो जिंकायला गेला होता, सव्हाना स्टेट बिलं भागवायला.

आणखी एक बघा. नॉर्थ डकोटा स्टेट हा तेव्हा एफसीएसचाच संघ होता. २०१० ते २०१६ मध्ये त्यानं एफबीएस संघांना लागोपाठ सहा वेळा हरवलं. २०१६ मध्ये आयोवाला २३–२१. त्यानंतर त्याचा पुढचा एफबीएस सामना झाला थेट २०२२ मध्ये. मधला एक ठरलेला सामना कोविडमुळे रद्द झाला हे खरं, पण एवढ्या मोठ्या खंडाला तेवढं एकच कारण पुरत नाही. मोठ्यांना छोटा प्रतिस्पर्धी हवा असतो, पण हरवू शकणारा छोटा नको असतो! माझ्या मते कॉलेज फुटबॉलचं खरं नुकसान इथे होतं. तुल्यबळ नसलेले निवडून बोलवायचे, मध्यंतराला निम्मं स्टेडियम रिकामं होऊ द्यायचं, आणि वर विजयांचा आकडा मिरवायचा. बिग टेन या मोठ्या गटानं मध्यंतरी 'एफसीएसशी खेळायचंच नाही' असं धोरण आणलं होतं. २०१७ मध्ये ते सैल केलं. त्या धोरणात फसवे सामने गेले तसे खरेही गेले असते, आणि छोट्या कॉलेजांचं उत्पन्नही.

सव्हाना स्टेटनं शेवटी काय केलं ते सांगायचं राहिलं. २०१९ मध्ये ते वरच्या पातळीवरून स्वतःहून खाली, डिव्हिजन दोनमध्ये गेले. काहींना ती माघार वाटली. पहिल्याच हंगामात त्यांनी ७ सामने जिंकले, ३ हरले. तशीच ओढाताण असलेलं कॉलेज, फक्त समोरचा संघ बदलला.

आपल्याकडेही अशी एक लढत गाजली होती. जानेवारी २०१६, कल्याण, भंडारी करंडक. प्रणव धनावडे या शाळकरी मुलानं नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरची शाळा ३१ आणि ५२ धावांत बाद. देशभर प्रणवचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं, पंधरा वर्षांच्या मुलानं एवढा वेळ उभं राहणं सोपं नाही. पण दीड दिवस उन्हात चेंडू आणायला पळणाऱ्या त्या दुसऱ्या अकरा मुलांना घरी गेल्यावर कोणी काय विचारलं असेल? त्यांच्यासाठी डाव आधी सोडायला हवा होता का? सातवीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा. मी टाकला. वर्ग बरोबर मधोमध फुटला, आणि 'सोडायला नको होता' म्हणणाऱ्यांत आमचा कबड्डीचा कर्णधार होता. त्याचं म्हणणं, समोरच्यांनी मुद्दाम सोडून दिलं तर जास्त राग येतो.

तर त्या टेम्पोतल्या पालकांना काय सांगायचं? चार दिवसांनी ते पोषण आहाराचं धान्य उतरवायला मदत करायला शाळेत आले, तेव्हा मी हे सगळं त्यांना थोडक्यात सांगितलं. म्हटलं, मोठ्या शाळेशी खेळणं वाईट नाही. पण आमच्याकडून दोन गोष्टी राहिल्या. स्पर्धेआधी महिनाभर तरी सराव हवा होता, तो दहा दिवसांत उरकला. आणि पहिल्या फेरीत लहान पटाच्या शाळांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाकाव्यात, जिंकणाऱ्यांनी मग मोठ्यांशी भिडावं, अशी विनंती मी केंद्राच्या बैठकीत करायला हवी होती, ती केली नव्हती. आता लेखी दिली आहे. शिवाय पुढच्या वेळी संघ नेण्याआधी मुलांना समोरचा संघ कसा आहे ते खरं सांगेन, आणि खेळायचं का ते त्यांनाच विचारेन.

त्यांनी पोतं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "विचारा की. माझा तर हो म्हणणारच, त्याला काय कळतंय. त्याचं वजन तेवढं तुम्ही बघा मॅडम."